धुरी

छत्तीस वर्षं खांबावर चढलो.
परतवाडा, पथ्रोट, धामणगाव गढी.
कुणाच्या घरी लग्न, कुणाच्या घरी मयत,
तार मीच जोडून दिली.
आता इथे वर, चिखलदऱ्याच्या अलीकडे,
कुडाच्या घरात दोनच बल्ब.
त्यातला एक पंचफुला लावू देत नाही.
"कायले? दिसते ना."

सव्वा एकर. त्यातला अर्धा मुरूम.
पहिल्या वर्षी मी पाकिटं आणली बियाण्यांची,
वर भेदरांचं चित्र,
एवढं लाल की खोटं वाटावं.
दोरी लावून वाफे आखले,
खांबापासून खांबापर्यंत लाइन ओढावी तसे.
मुंगाय कासदेकर धुऱ्यावर बसून बघत राहिली
तंबाखू मळत.
तिच्या वावरात सगळं एकमेकांत शिरलेलं:
कुटकीत तूर, तुरीवर वालाचा वेल,
आणि कडेला कोहळं आडवं,
जेवून लवंडलेल्या पाहुण्यासारखं.

पुसात एका रात्री हवा थांबली.
पहाटे पंचफुलाने मला हलवलं.
भेदरांच्या पानापानावर काच.
बोट लावलं, मोडली.
दहाला ऊन आलं आणि वाफेच्या वाफे
काळे, लिबलिबीत.
पलीकडे मुंगायचा वाल हिरवागार,
आणि तिच्या लुगड्याला धुराचा वास.

"सांगितलं कावून नाही?"
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की मी विचारलं असावं, भात तोंडानं खातात का.
"हवा थांबली, चांदण्या खाली आल्या,
मंग काय झोपाचं असते?"

त्याच दिवशी तिनं दुधीची तुंबी फोडली.
राखेत पुरलेले वालाचे दाणे,
काळे, पांढऱ्या डोळ्याचे.
ओंजळभर दिले. मी खिशात हात घातला
तर तिनं ओंजळच मागे घेतली.
"बी विकत नाही.
पिकलं का दे.
नाही पिकलं, तरी सांगाले ये."

हा तिसरा हिवाळा.
दाराच्या मागे पंचफुला कोळशानं लिहिते
काय काय विकत आणलं:
मीठ, काडीपेटी, चहापत्ती, गूळ,
माझ्या डोळ्यांचे थेंब.
यादी लांबली की तिला राग येतो.
बटाटे खाटेखाली, लसूण आढ्याला,
सांबार दारातच, पाणी उकळेपर्यंत खुडून होतो.
अर्धे बटाटे रानडुकरांनी नेले, तेही तिनं लिहिलंय,
"पाहुणे" म्हणून.
मुलगा नागपूरहून विचारतो, पोट भरतं का?
भरतं, म्हणतो.
पाठ धरते ते सांगत नाही.
कुटकी कांडताना ती गुणगुणते तेही नाही,
विचारलं तर थांबेल.

काल रात्री पुन्हा हवा थांबली.
कुत्रं चुलीच्या राखेत शिरलं, तेव्हाच कळलं.
ओला पालापाचोळा, वर तुरीचं कुटार,
चार कोपऱ्यांवर चार ढीग.
जाळ नको, फक्त धूर.
जाळ दिसला की पाणी शिंपडायचं,
धूर उठला की फुंकर.
तिकडून मुंगायचा धूर आला,
वालाच्या मांडवाखाली आमच्यात मिसळला,
मग कुणाचा कुठला ते कळेना.

कड्याच्या टोकाशी ढीग सावरताना
खाली सगळी मैदानं दिसली, दिव्यांची.
आणि बघता बघता एक पट्टा विझला.
फीडर गेला.
हात आपसूक कमरेला,
जिथे पक्कड असायची.
तिथे फडक्यात अर्धी भाकर.

"कोणाची लाइन गेली?" पंचफुला, धुरातून.
पथ्रोटची असंल.
"येईन थे.
तुमी इकडं फुका."